तलावातल्या दगडावरची खपली

उन्हाळा चढला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळीवर जेसीबी उभे राहतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, मधल्या काळात थंडावली आणि २०२३ पासून पुन्हा मार्गी लागली. त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात ७५ अमृत सरोवरांचे उद्दिष्ट होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे तलाव साडेसहा ते सात हजारांच्या घरात आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानासाठी ते बांधले, ढिवर समाजाने त्यात मासे धरून पिढ्या जगवल्या. दशकानुदशके साचलेला गाळ काढला पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

हा गाळ निघतो तेव्हा तलावाचा तळ उघडा पडलेला असतो. तुडुमाजवळचे दगड, बुडून काळी पडलेली झाडांची खोडे, पडक्या भिंतीच्या विटा अशा वस्तूंवर कधी कधी एक राखाडी, पांढुरकी, ठिसूळ खपली चिकटलेली दिसते. कोणी तिला वाळलेले शेवाळ म्हणतो, कोणाला तो जुना चुना वाटतो. नखाने खरवडली तर भुकटी होते आणि बोटांना बारीक खाज सुटते. खपलीच्या खालच्या अंगाला खसखशीएवढे पिवळसर-तपकिरी दाणे दाटीने बसलेले असतात. ही वनस्पती नाही, चुनाही नाही. हा गोड्या पाण्यातला स्पंज, म्हणजे प्राणी आहे आणि ते दाणे ही त्याची पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली बेगमी आहे.

स्पंज म्हटले की आंघोळीचा तुकडा किंवा गादीतला फोम आठवतो. शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख ‘रंध्री संघातील प्राणी’ अशा एका ओळीत होते. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी आत येते, आतल्या पेशींच्या शेपट्या ते ढकलतात आणि मोठ्या छिद्रातून बाहेर सोडतात. वाटेत जिवाणू आणि सेंद्रिय कण गाळून खाल्ले जातात. एक स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो. जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक सगळ्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यातल्या जाती अडीचशेच्याही आत आणि त्यांपैकी भारतातल्या सुमारे तीस.

अडचण आहे ती त्यांना ओळखण्याची. ही अडचण फक्त आपल्या तलावांची नव्हे. स्कॉटलंड किंवा नॉर्वेच्या थंड किनाऱ्यावर पाणबुडे कड्यांवर उतरतात तेव्हा तिथे लाल, नारिंगी, पिवळ्या, निळसर रंगाचे पातळ थर दिसतात. कोणी खडकावर रंगाचा हात मारावा तसे. जाडी काही मिलिमीटर. दोन अगदी वेगळ्या जाती डोळ्यांना सारख्या दिसतात आणि एकच जात चार ठिकाणी चार रूपे घेते. ‘हॅलिकोंड्रिया पॅनिसिया’ नावाचा तिथला अगदी सर्वसामान्य स्पंज लाटांच्या माऱ्यात पातळ पापुद्रा होऊन राहतो, शांत पाण्यात जाड होतो, त्याला फांद्याही फुटतात. उजेडात तो हिरवा, सावलीत पिवळट. त्यामुळे तिथल्या अनुभवी मंडळींचा नियम साधा आहे: फोटो काढा, पण नखाएवढा तुकडा घेतल्याशिवाय नाव सांगू नका.

तुकडा कशासाठी, तर कंटिकांसाठी. स्पंजाच्या मऊ शरीराला आधार देणाऱ्या या सूक्ष्म सुया असतात. गोड्या पाण्यातल्या सगळ्या स्पंजांत त्या वाळूच्याच, म्हणजे सिलिकाच्या बनलेल्या असतात. मोठ्या कंटिकेची लांबी मिलिमीटरचा पाव भाग. रंग आणि आकार फसवतात, कंटिका सहसा फसवत नाहीत. काही गुळगुळीत, काही काटेरी, काहींच्या दोन्ही टोकांना दातेरी चकत्या, जणू शिवणयंत्रातले रिकामे रीळ. त्या खसखशीसारख्या दाण्यांना शास्त्रात जेम्यूल म्हणतात आणि त्यांच्या कवचावरच्या कंटिका जातीची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. म्हणून जेम्यूल नसलेला नमुना अनेकदा अर्धवट नावावरच अडकतो. आता डीएनए तपासणीची जोड मिळाली आहे. तिने जुन्या वर्गीकरणात बरीच उलथापालथ केली, तरी सूक्ष्मदर्शकाची पहिली पायरी चुकलेली नाही.

या शास्त्राचा भारतातला आरंभ एका डॉक्टरने केला, हे वैद्यकातल्या मंडळींनाही फारसे ठाऊक नसते. हेन्री जॉन कार्टर हे इंग्रज शल्यवैद्य १८४२ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. (याच काळात मुंबईत आणखी एक डॉ. हेन्री कार्टर होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढणारे आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर ते. दोघांची गल्लत नेहमी होते.) पहिल्या कार्टरांनी मुंबई बेटावरच्या तळ्यांतले स्पंज गोळा केले आणि १८४८ व १८४९ मध्ये त्यांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केले. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. १८४८ च्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ‘प्राणित्व’ हा शब्द घातला होता. तळी आटल्यावर मरून गेलेल्या स्पंजातले बीजासारखे दाणे त्यांनी पाण्यात ठेवले आणि त्यांतून नवा जीव कसा बाहेर येतो, हे काचेखाली पाहून लिहून ठेवले.

त्यांनी मुंबईतून पाच जाती नोंदवल्या. त्यांतली एक युरोपात आधीच माहीत असलेली आहे, असे त्यांनी धरले. १८६३ मध्ये लंडनच्या बोवरबँक यांनी दाखवून दिले की ती वेगळीच जात आहे आणि तिला कार्टरांचेच नाव दिले. आज ती ‘युनापियस कार्टेरी’ या नावाने ओळखली जाते. भारतभरातल्या तळ्यांत सापडणारी ही जात मोठी होते, तिचा वास उग्र असतो आणि तिच्या जेम्यूलवर मधाच्या पोळ्यासारखा हवेच्या कप्प्यांचा थर असतो. या थरामुळे सुटे झालेले जेम्यूल पाण्यावर तरंगत दूर जाऊ शकतात. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक झालेले नेल्सन अनांडेल यांनी १९११ मध्ये गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर जो खंड लिहिला, तो आजही संदर्भ म्हणून उघडावा लागतो. त्यांनी इगतपुरीच्या तलावातूनही स्पंज गोळा केले होते. ‘कॉर्व्होस्पॉन्जिला लॅपिडोसा’ ही त्यांनी वर्णन केलेली जात नावाप्रमाणेच दगडासारखी कठीण असते. ती हाताला लागली तरी कोणाला प्राणी वाटणार नाही. अलीकडे, २०१३ मध्ये, पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातले प्रा. हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुणे परिसरातल्या पाच जातींची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे मुंबई, इगतपुरी, पुणे. जिथे बघणारा माणूस होता तिथे स्पंज सापडले. ज्या पट्ट्यात दर काही कोसांवर तलाव किंवा बोडी आहे, तो झाडीपट्टीचा प्रदेश या नकाशावर ठळक दिसायला हवा होता.

यात आरोग्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध दोन बाजूंनी आहे, लाभाच्या आणि अपायाच्या.

लाभाची गोष्ट १९४५ च्या सुमारास सुरू होते. येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातून एक स्पंज आणला. वाळूत अर्धवट लपून बसणाऱ्या या स्पंजाला तोवर शास्त्रीय नावच नव्हते. १९४९ मध्ये दे लाउबेनफेल्स या वर्गीकरणतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले आणि ‘लपलेला’ या अर्थाचा शब्द त्याच्या नावात घातला. त्याच स्पंजातून बर्गमन आणि फीनी यांनी काही अनोखी रसायने वेगळी केली. डीएनएच्या घटकांसारखीच, पण त्यांतली साखर वेगळी. पेशीला फसवणारी ही रचना पाहून इतर शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तशाच धर्तीचे औषध प्रयोगशाळेत बनवले. तेच सायटाराबिन. अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरचे ते आजही मुख्य औषध आहे आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे जे रुग्ण बरे होऊन घरी जातात, त्यांतल्या कित्येकांच्या शिरेतून हे औषध गेलेले असते. हर्पिस विषाणूवरचे व्हिडाराबिन हे औषधही याच धाग्यातून पुढे आले.

दुसरे उदाहरण जपानचे. तिथल्या किनाऱ्यावरच्या ‘हॅलिकोंड्रिया ओकादाई’ या स्पंजातून हिराता आणि उएमुरा यांनी हॅलिकोंड्रिन मिळवले. त्यासाठी ६०० किलो स्पंज लागला आणि हाती आले १२.५ मिलिग्रॅम. एवढ्यावर औषध बनणे शक्य नव्हते. रेणूची रचना समजून घेऊन रसायनशाळेत त्याचा सोपा भाऊ तयार करायला वर्षे गेली. २०१० मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी एरिब्युलिन या नावाने तो बाजारात आला. अशा कामात नाव अचूक नसेल तर पहिल्या नमुन्यात सापडलेले रसायन दुसऱ्यांदा सापडतच नाही, कारण दुसऱ्यांदा आणलेला स्पंज वेगळाच निघतो.

तलावातल्या स्पंजात उद्या कर्करोगाचे औषध सापडेल, असा याचा अर्थ काढू नये. आजवरची स्पंजजन्य औषधे समुद्रातून आलेली आहेत आणि समुद्रातही हजारो नमुन्यांमागे एखादे हाती लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘विदर्भातल्या तलावात कॅन्सरचे रामबाण औषध’ असा मजकूर फिरू लागला तर तो पुढे पाठवू नये. सायटाराबिन स्पंज खाऊन मिळत नाही.

अपायाची बाजू मात्र गोड्या पाण्याशी थेट जोडलेली आहे. ब्राझीलमध्ये अरागुआइया नदीकाठच्या अरागुआतिन्स या गावात २००५ च्या सुमारास डोळ्यांच्या विकाराची साथ आली. नदीत डुंबणारी मुले त्यात मोठ्या संख्येने होती. सुरुवातीला संशय गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमींवर गेला. मग स्थानिक स्पंजांकडे लक्ष गेले. तिथे त्यांना ‘काउशी’ म्हणतात. पाण्यात सुट्या झालेल्या त्यांच्या कंटिका डोळ्यांत शिरून दाह होत असावा, असे नमुने गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मांडले आणि त्या स्पंजांच्या जातीही ओळखल्या.

आपल्याकडे याची उलटी बाजू तमिळनाडूत दिसली. मदुराईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००१ मध्ये खेड्यांतल्या तलावांत पोहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत विशिष्ट गाठी होत असल्याचे नोंदवले आणि त्यामागे गोगलगायींमार्फत येणारा चपटकृमी असल्याचे पुढच्या संशोधनात दिसले. बाहेरून पाहता दोन्हीकडची कहाणी एकच: तलाव, मुले, लाल डोळे. कारण वेगळे, म्हणून उपाय वेगळा. एका ठिकाणी गोगलगायींचा बंदोबस्त करायचा, दुसऱ्या ठिकाणी पोहण्याची जागा आणि हंगाम बदलायचा. पाण्यात काय राहते, याची यादी हाताशी असल्याशिवाय हा फरक करता येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात लाल डोळ्याचे मूल आले की ताप, पू, डोळ्यात काही गेले का, हे प्रश्न विचारले जातात. ‘कोणत्या तलावात पोहलास?’ हा प्रश्न केसपेपरवर यायला हवा.

त्वचेचा विषय तुलनेने किरकोळ आहे. रशियात वाळलेल्या स्पंजाची भुकटी ‘बद्यागा’ या नावाने मुका मार आणि संधिवातावर चोळण्याची जुनी पद्धत आहे. चोळले की त्वचा लाल होते, ऊब वाटते. त्यामागे औषधी गुणापेक्षा सुयांचे टोचणे अधिक. आता हीच कल्पना कोरियन सौंदर्यप्रसाधनांतून परत आली आहे. स्पंजाच्या कंटिका घातलेली क्रीम ऑनलाइन मिळतात आणि समाजमाध्यमांवर ती ‘सुईशिवाय मायक्रोनीडलिंग’ म्हणून खपवली जातात. कंटिका त्वचेच्या वरच्या थरात खरोखरच शिरतात. त्यामुळे त्यासोबत लावलेली रेटिनॉल किंवा आम्लयुक्त क्रीमही जास्त खोल जाते आणि चेहरा भाजल्यासारखा होतो. इसब, मुरुमांच्या उघड्या जखमा किंवा संवेदनशील त्वचा असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. डोळ्यांजवळ तर कोणीच लावू नये.

आता पुन्हा तलावाकडे. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि चुकणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग देशभर नोंदवह्या धडाधड भरल्या गेल्या. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते, हे सरकारी कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. वैद्य-हकिमांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलती मिळाल्या, तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड राहिला. लाभात गावाचा वाटा हे तत्त्व कागदावर कायम आहे. पण वाटा मागायचा तर गावाच्या हद्दीत काय आहे, हे गावाला दाखवता यायला हवे. मोह, तेंदू, हिरडा, मासे यांची नावे लोकांच्या तोंडी असतात, ती वहीत येतात. ज्याला लोक शेवाळ समजून ओलांडून जातात, त्याची ओळ कोण लिहिणार?

गडचिरोली हा यासाठी साधासुधा जिल्हा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क प्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा हिशेब आपण ठेवायचा, ही तिथली रीत. हीच रीत पाण्याला लावता येईल.

पैसा आणि यंत्रणा अगदीच नाही असेही नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली. पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपये, सात विषय आणि त्यांत गोड्या पाण्यातली जैवविविधता हा एक. वनहक्काच्या क्षेत्रांचे व्यवस्थापन हाही एक. मालगुजारी तलाव या दोन्ही विषयांच्या सीमेवर बसतात. मुदत संपत येण्याआधी पूर्व विदर्भातल्या तलावांतले न दिसणारे प्राणी त्यात घेतले गेले नाहीत, तर पुढचा निधी मासे आणि पक्षी यांच्याभोवतीच फिरेल.

सूक्ष्मदर्शक तर दारातच आहे. हिवतापासाठी गडचिरोलीत जितक्या रक्ताच्या काचा तपासल्या जातात तितक्या राज्यात क्वचितच कुठे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाची नजर हिवतापाच्या परजीवीवर तयार झालेली असते, त्याला कंटिका दाखवली तर ती हत्तीएवढी वाटेल. चंद्रपुरात २०१५ पासून आणि गडचिरोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. न्यायवैद्यक विभागात बुडून मेलेल्या व्यक्तीच्या हाडातला मगज तीव्र नायट्रिक आम्लात उकळतात आणि उरलेल्या अवशेषात डायटम शोधतात. डायटम हे सूक्ष्म शैवाल, त्यांचे कवचही सिलिकाचेच. घटनास्थळाच्या पाण्याचा नमुना तुलनेला घेतात, त्यात कंटिकांचे तुकडेही येतात. स्पंज ओळखण्याची कृती हीच आहे: तुकडा आम्लात विरघळवायचा, तळाशी राहिलेल्या कंटिका धुऊन काचेवर घ्यायच्या. आम्लाचे काम प्रयोगशाळेतच करावे, शाळेच्या वर्गात नव्हे. तिथे घरगुती ब्लीच पुरते. एका छोट्या बाटलीत ब्लीच, त्यात तुकडा, मऊ भाग विरघळला की तीन-चार वेळा पाण्याने धुणे. हातमोजे आणि उघडी खिडकी मात्र हवी.

गाळ काढण्याच्या योजनेशी याचे भांडण नाही. उलट गाळ स्पंजाची छिद्रे बुजवतो, त्यामुळे स्वच्छ पाणी त्याला मानवते आणि पाळीवर नवा दगड लावला तर बसायला जागाही मिळते. नुकसान होते ते एकाच उन्हाळ्यात अख्खा तळ खरवडून सगळे जुने दगड, खोडे आणि त्यांवरचे जेम्यूल शेतात नेऊन टाकल्याने. तलावाचा एखादा कोपरा त्या वर्षापुरता न खोदता ठेवणे, काढलेले दगड पुन्हा तळातच टाकणे, एवढी अट अंदाजपत्रकात बसू शकते. तिला वेगळा पैसा लागत नाही. चंद्रपूरच्या रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये बंडू धोत्रे यांना उपोषणाला बसावे लागले होते. तिथे प्रश्न सांडपाण्याचा आणि जलपर्णीचा होता. असे तलाव स्वच्छ होत असताना आधी आणि नंतर तिथे काय राहत होते, याची नोंद झाली तर स्वच्छतेचे यश मोजायला एक चांगले माप मिळेल. सतत पाणी गाळत एका जागी चिकटून राहणारा प्राणी त्या पाण्यातले बरेवाईट अंगावर घेतो.

शोधायचे असेल तर पावसाळ्यानंतर हिवाळा संपेपर्यंत दगडांच्या खालच्या बाजूला जिवंत स्पंज पाहावा. उजेडात हिरवट, सावलीत पांढुरका. सगळा खरवडू नये, नखाएवढा तुकडा पुरे. एप्रिल-मेमध्ये त्याच दगडाकडे परत जावे, कारण जेम्यूल तेव्हा मिळतात. तुकडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तलावाचे नाव, गाव, तारीख, किती खोलीवर होता आणि कशाला चिकटला होता हे लिहावे. ओल्या स्पंजाला हात लावल्यावर डोळे चोळू नयेत. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागामार्फत नमुना तिकडे पाठवता येतो. पहिला जोराचा पाऊस पडला की उरलेले दाणे पाण्याखाली जातात आणि त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागते.